एप्टेशियाचं करायचं काय?

खाऱ्या पाण्याची टाकी सुरू होऊन काही महिने झालेले असतात. पाणी निवळलेलं असतं, क्लाउनफिशची जोडी रुळलेली असते, दोन-तीन मऊ प्रवाळांनी जीव धरलेला असतो. अशात एक दिवस खडकाच्या भेगेतून तपकिरी, अर्धपारदर्शक, फुलासारखं काहीतरी डोकावताना दिसतं. नवशिक्याला आधी आनंदच होतो, कारण दमडीही न मोजता टाकीत एक जीव वाढला. महिन्या-दोन महिन्यांनी त्याच खडकावर तशी पंधरा-वीस फुलं झालेली असतात, शेजारचा प्रवाळ अंग आखडून बसलेला असतो, आणि जो तो निराळा सल्ला देऊ लागतो. कोणी म्हणतं चुना टोच, कोणी म्हणतं कोळंबी आण, कोणी म्हणतं खडकच फेकून दे, तर एखादा म्हणतो, अरे राहू दे की, बिघडलं कुठे?

हे चारही सल्ले अनुभवातून आलेले आहेत आणि चारांनाही आपापली बाजू आहे. पण ते वेगवेगळ्या टाक्यांमधले आहेत, ही गोष्ट ऐकणाऱ्याला बहुधा कोणी सांगत नाही.

आधी ओळख

उपद्रवी समुद्रफुलं म्हणून मुख्यतः दोघांची नावं घेतली जातात. पहिलं एप्टेशिया. लांब देठ, त्यावर तोंडाची चकती, भोवती टोकाकडे निमुळत्या होत गेलेल्या बारीक शुंडिका, रंग चहासारखा. बोट जवळ नेलं की क्षणात भेगेत गडप. दुसरं मजानो. ते आखूड, बुटकं असतं. शुंडिकांची टोकं फुगीर आणि रंगात बऱ्याचदा हिरव्या-गुलाबी छटा. मजानो दिसायला देखणं असल्यामुळे लोक त्याला हौसेनं पाळल्या जाणाऱ्या बबल-टिप ॲनिमोनचं पिल्लू समजतात आणि वाढू देतात.

नळीत राहणारे पंखकृमीही चाहूल लागताच आत ओढले जातात. पण त्यांचा पिसारा पिसांसारखा विभागलेला असतो आणि खाली स्पष्ट नळी दिसते. ते निरुपद्रवी आहेत. घाईनं चुना लावणाऱ्यांच्या हातून असे बरेच निष्पाप जीव गेले आहेत, म्हणून पहिले दोन दिवस हात बांधून नुसतं पाहावं हा जुन्या मंडळींचा सल्ला मला पटतो. रात्री टॉर्च मारूनही पाहावं. दिवसा पाच दिसतात तिथे रात्री दहा निघतात.

शास्त्रीय बाजूनं एक नोंद. टाक्यांमध्ये सर्रास आढळणाऱ्या एप्टेशियाला २०१४ साली ‘एक्सएप्टेशिया’ या नव्या प्रजातीत हलवण्यात आलं. शौकिनांनी जुनं नाव सोडलेलं नाही. इथेही तेच ठेवलं आहे.

तो घरात आला कसा

जुन्या खाऱ्या टाक्यांमध्ये हा प्रश्न फारसा नव्हता, कारण त्या टाक्यांमध्ये जिवंत खडकच नव्हता. ब्लीच करून पांढरे केलेले प्रवाळाचे सांगाडे, खाली वाळूतून पाणी ओढणारी गाळणी, आणि चार सोशिक मासे, एवढाच संसार. जकार्ताच्या ली चिन एंग यांनी समुद्रातून आणलेला जिवंत खडक आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर प्रवाळ जगवून दाखवले आणि १९६१ साली ती पद्धत एका अमेरिकी मत्स्यशौकीन मासिकातून जगापुढे आली. पुढे जर्मनीत जिवंत खडक, जोरदार उजेड आणि प्रोटीन स्किमर यांची सांगड घालणारी ‘बर्लिन पद्धत’ रूढ झाली. स्वित्झर्लंडचे पेटर विल्केन्स यांनी १९७०च्या दशकात चुन्याची निवळी टाकीत सोडून प्रवाळांना कॅल्शियम पुरवायची रीत लोकप्रिय केली. आजची घरगुती रीफ टाकी या सगळ्यांची वारस आहे.

जिवंत खडक म्हणजे सच्छिद्र चुनखडकावर वसलेली अख्खी वस्ती: जिवाणू, स्पंज, कृमी, शैवाल. टाकीचं पाणी शुद्ध ठेवतात ते हेच जीव. त्यांच्याबरोबर एप्टेशियाही येतो. कोरड्या खडकानं टाकी सुरू केली तरी सुटका नाही, कारण दुसऱ्याच्या टाकीतून आणलेला प्रवाळाचा तुकडा, म्हणजे फ्रॅग, ज्या लहानशा बुंध्यावर चिकटवलेला असतो त्याच्या खालच्या बाजूला तांदळाएवढा एप्टेशिया सहज लपतो.

भारतातल्या वाचकासाठी इथे कायद्याचा मुद्दा आहे. आपल्या समुद्रातले खडकबांधणी करणारे प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवणच्या किंवा लक्षद्वीपच्या पाण्यातून प्रवाळ उचलून आणणं हा गुन्हा आहे. त्यामुळे आपल्याकडे माल येतो तो आयातीतून किंवा शौकिनांच्या आपापसातल्या देवघेवीतून, आणि या देवघेवीतूनच एप्टेशिया घरोघर फिरतो.

मरत का नाही

शेतात हरळी कुळवून काढायला जावं आणि तुटलेल्या प्रत्येक कांडीला फुटवा यावा, तशातला हा प्रकार. एप्टेशिया खडकावरून सावकाश सरकतो तेव्हा त्याच्या पायाच्या चकतीचे सूक्ष्म तुकडे मागे राहतात आणि प्रत्येक तुकड्यातून काही दिवसांत शुंडिका फुटलेलं नवं पिल्लू तयार होतं. जोडीदार लागत नाही. एकापासून टाकी भरते. चिमट्यानं ओढून काढण्याचा पहिला प्रयत्न हमखास अंगाशी येतो तो यामुळेच.

दुसरं बळ त्याच्या पेशींत राहणाऱ्या एकपेशीय शैवालाचं. प्रवाळांप्रमाणेच हे शैवाल उजेडातून साखर बनवून त्याला पुरवतं. मग दिवे बंद ठेवले तर? हा सल्ला अधूनमधून दिला जातो, पण प्रयोगशाळांतला अनुभव त्याच्या विरुद्ध आहे. शैवाल काढून टाकलेले पांढरेफटक एप्टेशिया तिथे अंधारात दीर्घकाळ सांभाळले जातात. त्यांना वरून खाणं मिळत राहिलं की पुरतं. अंधारात आधी प्रवाळ दगावतील, एप्टेशिया नव्हे.

प्रयोगशाळांचा उल्लेख आला म्हणून सांगतो. ज्याला मारायला शौकीन जिवाचं रान करतो, त्याला जपायला संशोधक तितकीच मेहनत घेतात. प्रवाळ आणि शैवाल यांची भागीदारी का तुटते, समुद्र तापल्यावर प्रवाळ पांढरे का पडतात, हे समजून घेण्यासाठी एप्टेशिया हा नमुना-प्राणी म्हणून वापरला जातो. त्याचा जनुकसंच २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्या कामात सौदी अरेबियातल्या तांबड्या समुद्राकाठच्या किंग अब्दुल्ला विद्यापीठाचा पुढाकार होता. ‘सीसी७’ नावाची एकाच एप्टेशियापासून वाढवलेली वंशावळ जगभरच्या प्रयोगशाळांत पोचली आहे. तिथे त्यांना आठवड्याला काही वेळा आर्टेमियाची नुकती फुटलेली पिल्लं खायला घालतात. आपण घरी लाडक्या माशांना घालतो तेच खाणं.

तिसरं अस्त्र दंशपेशींचं. डिवचल्यावर तो शरीराच्या भिंतीतून पांढरे धागे बाहेर फेकतो. माणसाच्या हाताला बहुधा काही होत नाही, पण चिकटून बसलेल्या प्रवाळाला पळता येत नाही.

पहिला पक्ष: टोचून मारा

या पक्षाचं मुख्य हत्यार म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइडची दाट पेस्ट. विल्केन्स यांनी प्रवाळ पोसायला वापरलेला चुनाच इथे मारायला वापरला जातो. संपृक्त निवळीचा पीएच १२.४ च्या आसपास असतो आणि एप्टेशियाच्या मऊ शरीराला तो सोसत नाही. याच तत्त्वावरची किंवा याच्या जवळपासची तयार औषधं मिळतात. रेड सी कंपनीचं ‘एप्टेशिया-एक्स’ आणि ‘जोज ज्यूस’ ही त्यांतली परिचित नावं. लिंबाचा रस, व्हिनेगर, उकळतं पाणी हेही टोचतात, पण पाण्यात पातळ होताच त्यांचा जोर ओसरतो.

कौशल्य आहे ते हातात. पंप आणि वेव्हमेकर बंद करायचे. बोथट सुईच्या सिरिंजमध्ये पेस्ट भरायची, पाण्यातून अगदी हळू आणि बाजूनं जवळ जायचं. वरून सावली पडली की तो मिटलाच. टोक चकतीपासून अर्ध्या सेंटिमीटरवर आलं की घाई न करता तोंडावर एक थेंब सोडायचा. तो अन्न समजून शुंडिका आत वळवतो, मग आक्रसतो, पांढरे धागे बाहेर पडतात. आता त्याच्यावर आणि तो ज्या भोकात शिरला त्या भोकावर पेस्टचा थर द्यायचा, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं आणि पंप एकेक करून सुरू करायचे.

यांची बाजू अशी की, परिणाम ताबडतोब दिसतो, खर्च किरकोळ आहे आणि टाकीत नवा प्राणी सोडून त्याची जबाबदारी घ्यावी लागत नाही. आक्षेपही खरे आहेत. पन्नास-साठ लिटरच्या टाकीत एका बैठकीत वीसेक एप्टेशियांना चुना लावला तर अख्ख्या पाण्याचा पीएच वर सरकतो आणि मासे धापा टाकू लागतात. खडकाच्या मागच्या बाजूला हात पोचत नाही. अर्धवट मेलेला पुन्हा उगवतो. आपल्याकडे पानवाल्याचा चुना वापरण्याचा मोह होतो, कारण मूळ रसायन तेच. मात्र डबीतल्या चुन्यात आणखी काय मिसळलं आहे याची खात्री नसते. रीफसाठी विकला जाणारा किंवा प्रयोगशाळेच्या प्रतीचा चुना घेतलेला बरा.

याच पक्षाची आधुनिक शाखा विजेची आणि लेझरची आहे. दोन धातूंच्या टोकांतून कमी दाबाची वीज सोडणारी कांडी मजानोंवर चांगली चालते असं वापरणारे सांगतात. निळ्या लेझरनं जाळणाऱ्यांना मात्र एकच सांगणं: काचेवरून परावर्तित झालेला किरणही डोळा कायमचा निकामी करू शकतो. घरात लहान मुलं असतील तर हा नाद नको.

दुसरा पक्ष: खाणारा आणा

हा पक्ष सर्वात मोठा, आणि सर्वाधिक गैरसमजही इथेच आहेत.

नवशिक्याला प्रथम सुचवली जाते ती पेपरमिंट कोळंबी. ‘लिस्माटा’ प्रजातीतल्या या कोळंब्या एप्टेशिया खातात याला २००४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांचा आधार आहे. पण दोन वर्षांनी, २००६ मध्ये, अँड्र्यू ऱ्हाइन आणि जुंदा लिन यांनी दाखवून दिलं की पश्चिम अटलांटिकमध्ये ‘पेपरमिंट’ म्हणून एकच जात समजली जात होती तो प्रत्यक्षात अनेक जातींचा समूह आहे, आणि त्यातल्या चार जातींचं वर्णन त्यांनी नव्यानं केलं. ‘माझ्या कोळंबीनं आठवड्यात साफ केलं’ आणि ‘माझीनं ढुंकूनही पाहिलं नाही’ ही दोन्ही विधानं खरी असू शकतात, ती या कारणानं. हिंदी-प्रशांत महासागरातून येणाऱ्या पट्ट्यांच्या कोळंब्या तर आणखी वेगळ्या. फ्लोरिडाच्या कोळंबीवरचा निष्कर्ष त्यांना जसाच्या तसा लावता येत नाही. त्यात पेपरमिंट मोठ्या एप्टेशियांपेक्षा लहानांवर हात मारते, आणि तयार खाणं भरपूर मिळालं तर शिकारीचे कष्ट घेत नाही.

दुकानात आणखी एक घोटाळा होतो. कुबडाची, मोठ्या डोळ्यांची, लाल अंगावर पांढऱ्या रेघा-ठिपक्यांची ‘कॅमल’ कोळंबी पेपरमिंट म्हणून गळ्यात मारली जाते. ती मऊ प्रवाळ कुरतडते. मग भीक नको पण कुत्रं आवर अशी गत होते. खऱ्या पेपरमिंटचं अंग जवळपास पारदर्शक असतं आणि त्यावर लांबीच्या दिशेनं बारीक लाल रेषा असतात. घेण्यापूर्वी हे डोळ्यांनी पाहून घ्यावं.

दुसरा भक्षक बर्घिया, जेमतेम दोन-तीन सेंटिमीटरची समुद्री गोगलगाय, पाठीवर करड्या-पांढऱ्या बोटांची झालर असलेली. ती एप्टेशियाशिवाय काही खात नाही. शिवाय भक्ष्याच्या दंशपेशी न पचवता पाठीवरच्या त्या बोटांत साठवते आणि स्वतःच्या संरक्षणाला वापरते. कॅरोल आणि केम्फ यांनी १९९० साली तिला प्रयोगशाळेत अंड्यापासून प्रौढ होईपर्यंत वाढवण्याची रीत प्रसिद्ध केली आणि शौकिनांसाठीची पैदास त्यानंतर शक्य झाली. तिची वळीदार पांढरी अंड्यांची माळ साधारण दोन आठवड्यांत फुटते. गंमत म्हणजे आता मेंदूविज्ञानाच्या प्रयोगशाळांनीही तिला हाताशी धरलं आहे. भक्ष्य आणि भक्षक दोघंही प्रयोगशाळेचे मानकरी.

बर्घियाच्या बाजूनं बोलणारे सांगतात की हात न पोचणाऱ्या फटीतला एप्टेशिया शोधून खाणारी तीच एक. विरोधक आकडेमोड पुढे करतात. दोन-चार गोगलगायी मोठ्या टाकीत हरवून जातात, रास माशांसारखे भक्षक त्यांना गिळतात, पंपात त्या चिरडतात, आणि निकाल यायला महिने लागतात. काम फत्ते झालं की उपासमार ठरलेली, म्हणून ज्या शहरांत शौकिनांचं जाळं घट्ट आहे तिथे त्या हातोहात पुढच्या टाकीत जातात. मजानोला ती तोंड लावत नाही, हे विकत घेण्याआधी माहीत असलेलं बरं.

मग मासे. केसाळ दिसणारा फाइलफिश एप्टेशिया आवडीनं खातो आणि आता बंदिस्त पैदाशीतूनही मिळतो. काही मासे मात्र प्रवाळांनाही टोचे मारू लागतात. कोणता मारेल हे आधी सांगता येत नाही. लांब चोचीचा, नारिंगी पट्ट्यांचा कॉपरबँड बटरफ्लाय दिसायला राजस, पण खाण्याच्या बाबतीत कमालीचा हट्टी. त्याला चारशे-पाचशे लिटरची, मुरलेली टाकी लागते. दोन महिन्यांच्या ऐंशी लिटर टाकीत एप्टेशियासाठी कॉपरबँड सोडणं म्हणजे एका किडीपायी मोठा मासा उपाशी मारणं. या मुद्द्यावर दोन्ही बाजूंच्या अनुभवी लोकांचं एकमत दिसतं, तरी दुकानात हा सल्ला मिळतोच.

तिसरा पक्ष: खडकच बाहेर काढा

प्रादुर्भाव एका-दोन सुट्या खडकांपुरता असेल तर ते उचलून बाहेर काढणं हा सर्वात स्वच्छ उपाय, असं हा पक्ष म्हणतो. खडक बरेच दिवस खडखडीत वाळवायचा आणि जिवाणूंची वस्ती पुन्हा बसेपर्यंत वाट पाहायची. किंमत ही की त्या खडकावरचं चांगलंही सारं मरतं आणि टाकीचा समतोल डळमळतो.

एक धोका ठळकपणे सांगायला हवा. खडक घरात उकळू नये. झोॲन्थिड गटातल्या काही प्रवाळांत पॅलिटॉक्सिन हे अतिशय जहाल विष असतं आणि ते वाफेबरोबर किंवा घासताना उडालेल्या तुषारांतून श्वासात जातं. अलास्कात २०१२ ते २०१४ या काळात घरांत आणि मत्स्यदुकानांत अशा संशयित विषबाधा झाल्या. अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्यसंस्थेनं २०१५ मध्ये त्यांची नोंद प्रसिद्ध केली. गरम पाण्यानं सगळं मरतं हे खरं, पण स्वयंपाकघरात ते करू नये.

याच विचाराचं सौम्य रूप म्हणजे आधीच खबरदारी: नवा फ्रॅग वेगळ्या भांड्यात काही आठवडे ठेवणं, तो चिकटवलेला बुंधा कापून टाकणं. प्रवाळ बुडवून काढण्याची औषधं इतर किडींवर चालतात, एप्टेशियावर त्यांचा भरवसा नाही.

चौथा पक्ष: नांदू द्या

ही बाजू अल्पमतात आहे, पण उडवून लावण्यासारखी नाही. टाकीत फक्त मासे असतील तर एप्टेशियामुळे बिघडतं थोडंच. शिवाय तो फोफावतो याचा अर्थ पाण्यात अन्न जास्त आहे. नवशिक्या चिमूटभराऐवजी मूठभर खाणं टाकतो, ते खडकात सडतं आणि रिकाम्या खडकावर प्रवाळांची स्पर्धाही नसते. खाणं आवरा, खडक प्रवाळांनी भरू द्या, संख्या आपोआप आटोक्यात राहील, असा त्यांचा युक्तिवाद. काही जण मुख्य टाकीत साफसफाई करून खालच्या जोडटाकीत, म्हणजे सम्पमध्ये, मुद्दाम थोडे राखतात, पाण्यातलं अन्न शोषायला. सम्पमधले तुकडे पंपावाटे पुन्हा वर येतात, हे या प्रयोगाचं उघड वैगुण्य.

अन्न कमी केल्यानं वाढ मंदावते हे मान्य, पण शैवालाची शिदोरी असल्यामुळे एप्टेशिया उपाशी मरत नाही. म्हणून हा उपाय एकट्यानं पुरेसा ठरत नाही. इतर उपायांना जोड म्हणून त्याची किंमत मोठी.

न सुटलेले प्रश्न

‘डिवचलं की तो बीजं सोडतो’ हे वाक्य प्रत्येक नवशिक्या ऐकतो. एप्टेशिया लैंगिक प्रजननही करतो आणि त्यातून तरंगती प्लॅन्युला पिल्लं होतात, हे खरं. पण प्रयोगशाळेत अंडी-शुक्र सोडवायला तापमान आणि चांदण्यासारख्या उजेडाचं वेळापत्रक लावावं लागतं, आणि ती पिल्लं तळाला बसवून वाढवणं संशोधकांना दीर्घकाळ जमत नव्हतं. यावरून पाहता चुना लावल्यावर दिसणाऱ्या नव्या पिल्लांचा उगम पायाच्या तुटक्या तुकड्यांत असण्याची शक्यता मला जास्त वाटते. घरगुती टाकीत दोन्ही वेगळे ओळखण्याची सोय नाही, म्हणून हा वाद जिवंत आहे.

दुसरा प्रश्न पुराव्याचा. प्रयोगशाळेत एका भांड्यात एक कोळंबी आणि मोजके एप्टेशिया असतात. घरी माणूस सोमवारी कोळंबी सोडतो, मंगळवारी खाणं कमी करतो, रविवारी चुना लावतो आणि श्रेय शेवटच्या उपायाला देतो. उपाय फसलेले लोक बोलत नाहीत, टाकी विकून मोकळे होतात. चारही पक्षांची यशकथा या गाळणीतून आलेली आहे. एवढं गृहीत धरून माझं मत असं: दहाच्या आत असतील आणि हात पोचत असेल तर चुना, फटीफटीत पसरले असतील आणि टाकी सहा-आठ महिने मुरली असेल तर बर्घिया, किंवा खात्रीची पेपरमिंट, आणि दोन्ही वेळा खाण्यावर लगाम. मजानोसाठी मात्र विश्वासार्ह भक्षक अजून नाही. तिथे सिरिंज, कांडी आणि चिकाटी एवढंच.

तिसरा प्रश्न टाकीबाहेरचा. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात जगभरचे एप्टेशिया ढोबळमानानं दोन गटांत पडले: एक फ्लोरिडाचा आणि दुसरा जवळपास साऱ्या उष्ण समुद्रांत पसरलेला. माणसानं त्यांना महासागर ओलांडून नेलं असावं असं ते निष्कर्ष सुचवतात. कंटाळून काढलेला खडक वर्सोव्याच्या किंवा मिरामारच्या पाण्यात सोडून देणाऱ्यानं हे लक्षात घ्यावं. खडक वाळवून कचऱ्यात टाकणं एवढंही अवघड नाही.

आपल्या किनाऱ्याशी जोडलेला आणखी एक प्रश्न आहे. मुंबईच्या ओहोटीच्या खडकांवर समुद्री गोगलगायींच्या कितीतरी जाती दिसतात. ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’च्या किनारा-फेऱ्यांतून २०१७ पासून त्यांच्या नोंदी होत आल्या आहेत. त्यातल्या समुद्रफुलं खाणाऱ्या जातींपैकी एखादी एप्टेशियावर पोसता येईल का, तिची पैदास इथल्याच एखाद्या सागरी संशोधन केंद्रात होऊ शकेल का, की परदेशी बर्घियाचीच वाट पाहायची, हे शौकिनानं एकट्यानं किनाऱ्यावरून प्राणी उचलून ठरवायचं काम नाही. त्यासाठी परवानगी, प्राणीतज्ज्ञ आणि सावकाश केलेले प्रयोग लागतील.